सूर्य सतत उकळत असताना डागातलं चुंबकीय क्षेत्र टिकतं कसं?

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. सूर्याचा पृष्ठभाग सतत खदखदत असतो, तिथला वायू सेकंदाला एक-दोन किलोमीटर वेगानं वर येतो आणि खाली जातो. एवढ्या धुमश्चक्रीत सौरडागातलं, म्हणजे सूर्यावर दिसणाऱ्या काळसर डागातलं, चुंबकीय क्षेत्र कित्येक दिवस, कधी महिना-दोन महिने, शाबूत राहतं कसं? शिवाय एके ठिकाणी तुम्ही वाचलंत की ही खळबळ क्षेत्र विसकटून टाकते, आणि दुसरीकडे वाचलंत की तीच क्षेत्र गोळा करते. यातलं खरं काय मानायचं?

दोन्ही खरं आहे, आणि म्हणूनच इथे ‘खळबळीचा परिणाम काय’ असा एकच प्रश्न विचारून भागत नाही. सौरडागांच्या वर्णपटांवर काम करताना मी आधी तीन गोष्टी पाहतो: क्षेत्र किती तीव्र आहे, त्याला धडकणारे भोवरे त्याच्या रेषांच्या जुडग्याच्या मानानं केवढे आहेत, आणि आपण पृष्ठभागाबद्दल बोलतोय की खोलातल्या थरांबद्दल. या तिन्हींची उत्तरं बदलली की तीच खळबळ कधी क्षेत्र गोळा करते, कधी ते उसवते, तर कधी स्वतःच गप्प बसते. डागाच्या आयुष्यात या तिन्ही गोष्टी घडतात, बऱ्याचदा एकाच वेळी, फक्त वेगवेगळ्या जागी.

आधी आकडे. चुंबकीय क्षेत्राची तीव्रता गौस या एककात मोजतात. आपल्या पायाखालचं पृथ्वीचं क्षेत्र साधारण अर्ध्या गौसचं असतं. डागाच्या काळ्या गाभ्यात, म्हणजे प्रच्छायेत, ते २००० ते ३५०० गौस असतं. मोठ्या डागांत ४००० च्याही वर जातं. भोवतालच्या तंतुमय करड्या पट्ट्यात, उपच्छायेत, ते बाहेरच्या कडेकडे उतरत हजार गौसच्या खाली येतं. डागात चुंबकीय क्षेत्र असतं हे १९०८ साली जॉर्ज एलरी हेल यांनी अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेत दाखवून दिलं. चुंबकीय क्षेत्रात वर्णपटातली एकेक रेषा अनेक भागांत फाटते, याला झेमान परिणाम म्हणतात, आणि त्यावरूनच त्यांनी ते ओळखलं. डागाबाहेर सूर्याचं अंग कणिकांनी भरलेलं असतं. एकेक कणिका सुमारे हजार किलोमीटर रुंद असते आणि पाच-दहा मिनिटांत विरून जाते. तिच्या मधोमध तापलेला वायू वर येतो, कडांच्या काळ्या फटींतून थंड झालेला वायू खाली उतरतो.

सूर्यावरचा वायू विजेचा इतका चांगला वाहक आहे की चुंबकीय रेषा त्यात जवळपास गोठल्यासारख्या असतात. वायू जाईल तिकडे रेषा जातात, रेषा जातील तिकडे वायूला जावं लागतं. कोण कोणाला ओढणार हे कोणाची ऊर्जा जास्त यावर ठरतं. काऊलिंग यांनी १९४० च्या दशकात हिशेब मांडला होता की केवळ विद्युतरोधामुळे विरायचं म्हटलं तर डागाला शेकडो वर्षं लागतील. प्रत्यक्षात डाग काही आठवड्यांतच जातो. तेव्हा तुमच्या प्रश्नाला एक दुसरी बाजूही आहे. डाग एवढा टिकतो कसा, हे जितकं विचारण्यासारखं आहे तितकंच तो एवढ्या लवकर मरतो कसा, हेही.

लवकर मरण्याचं कारण खळबळच आहे. ती रेषांना ताणते, दुमडते, एकमेकींत गुंतवते. ताणता ताणता विरुद्ध दिशांचे पट्टे इतके पातळ होतात आणि इतके जवळ येतात की जो विद्युतरोध मोठ्या पल्ल्यावर नगण्य होता तोच तिथे झपाट्यानं काम करतो. रेषा तुटतात आणि नव्यानं जोडल्या जातात. एकूण परिणाम असा होतो की क्षेत्र जणू कितीतरी पटींनी वेगानं पसरू लागतं. याचा अंदाज काढायचा तर भोवऱ्याचा वेग गुणिले त्याची लांबी भागिले तीन, असं ढोबळ सूत्र आम्ही वापरतो. कणिकेसाठी सेकंदाला १ किलोमीटर आणि १००० किलोमीटर धरले तर उत्तर येतं सेकंदाला सुमारे ३०० चौरस किलोमीटर. या पसरण्याला विसरण आणि त्याच्या या मापाला विसरणांक म्हणतात. सूर्याच्या पृष्ठभागावर क्षेत्र कसं वाहून नेलं जातं याची जी प्रतिमानं, म्हणजे गणिती नमुने, आहेत त्यांतही साधारण याच घरातला आकडा घ्यावा लागतो, त्यामुळे सूत्र ढोबळ असलं तरी विश्वास ठेवण्याजोगं आहे. दहा हजार किलोमीटर त्रिज्येच्या डागाला हा आकडा जसाच्या तसा लावला तर तो चारेक दिवसांत पसरून जायला हवा.

जात मात्र नाही. हा फरक कुठून येतो हे सांगण्याआधी गोळा होण्याची बाजू पाहू.

आमटीला उकळी फुटली की वर भुरभुरलेली कोथिंबीर कशी उकळीच्या तोंडाशी न थांबता बाजूला सरते आणि आमटी जिथे परत खाली वळते तिथे जमते, तसंच कणिकांच्या उकळीत क्षीण क्षेत्राचं होतं. वर येणारा वायू रेषांना कडेला ढकलतो आणि खाली जाणाऱ्या फटींत त्यांची दाटी होते. नायजेल वाइस यांनी १९६६ मध्ये संगणकावर हे स्वच्छ दाखवलं. पण ही दाटी कुठवर वाढेल? रेषांची ऊर्जा वायूच्या गतिज ऊर्जेएवढी झाली की वायूला त्यांना आणखी दाबता येत नाही. पृष्ठभागावरच्या घनतेला आणि वेगाला ही बरोबरी साधारण ४०० ते ५०० गौसवर येते. यापुढची उडी वेगळ्या कारणानं होते. दाट क्षेत्रानं उष्णतेची ये-जा अडवली की आतला वायू थंड होतो, खाली घसरतो, आतला दाब कमी होतो आणि बाहेरचा वायू ते जुडगं आवळून हजार-दीड हजार गौसपर्यंत नेतो. पार्कर यांनी १९७८ मध्ये हे मांडलं. सूर्यावर सगळीकडे दिसणारे बारीक तेजस्वी ठिपके असेच घडतात असं मानलं जातं.

इथे एक सावधगिरी. यावरून खळबळ डाग बनवते असा निष्कर्ष काढू नका. कणिकांना जमवता येतात ती शंभर-दोनशे किलोमीटरची जुडगी. वीस-तीस हजार किलोमीटरचा डाग हा त्याच प्रक्रियेचा मोठा अवतार नव्हे. त्याचा माल खालून येतो. त्याकडे पुढे वळतो.

आता डागाच्या आत चला. बरोबरी ४५० गौसला धरली आणि प्रच्छायेत ३००० गौस असले तर क्षेत्र साडेसहा पट झालं. ऊर्जा वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वायूच्या गतिज ऊर्जेच्या चाळीसेक पट. अशा ठिकाणी वायूनं रेषा वाकवायच्या म्हटल्या तरी त्याच्या अंगात तेवढं बळ नाही. रेषाच वायूला धरून ठेवतात. डाग काळा दिसतो तो यामुळेच. बियरमान यांनी १९४१ मध्ये सुचवलं की क्षेत्र अभिसरण, म्हणजे तापलेला वायू वर येण्याचं आणि थंड वायू खाली जाण्याचं चक्र, रोखतं, म्हणून खालची उष्णता वर येत नाही. बाहेर सुमारे ५८०० केल्विन तापमान असताना प्रच्छायेत ४००० च्या आसपास असतं. तुमच्या ‘टिकतं कसं’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे: जी खळबळ डागाला मोडू शकली असती तिला डागानं स्वतःच्या अंगणात बंदी घातलेली असते.

पण ती बंदी पूर्ण नसते, आणि डागाचा हाच भाग मला सर्वांत जास्त बोलका वाटतो. अभिसरण खरोखर शून्य झालं असतं तर प्रच्छाया आहे त्याहून कितीतरी थंड असती. प्रत्यक्षात तिच्यातून येणारा प्रकाश बाहेरच्या पृष्ठभागाच्या पाचव्या हिश्शाएवढा असतो, आणि तेवढी उष्णता नुसत्या प्रारणानं, म्हणजे प्रकाशाच्या रूपानं, वर येणं शक्य नाही. चांगल्या दुर्बिणीतून पाहिलं तर प्रच्छायेत दोन-तीनशे किलोमीटरचे, किंवा त्याहून लहान, उजळ ठिपके लुकलुकताना दिसतात. शुसलर आणि फोग्लर यांनी २००६ मध्ये संगणकावर दाखवलं की हे दबलेल्या अभिसरणाचे अरुंद फवारे आहेत. तापलेला वायू उभ्या रेषांमध्ये फट काढून वर घुसतो, तेवढ्यापुरतं क्षेत्र बाजूला सारतो, उष्णता ओतून खाली परततो, आणि फट पुन्हा मिटते. डागाला भेगा पडतात तेव्हा हेच ठिपके रांगेनं जुळून उजळ पूल तयार होतो. डागात आरपार पूल दिसू लागला की तो डाग फुटण्याच्या मार्गावर आहे असं मी धरून चालतो. दर वेळी तसंच होतं असं नाही, कारण दोन डाग जवळ येऊन जुळतानाही मधे तसाच पूल दिसतो. आधीच्या दिवसांच्या प्रतिमा पाहिल्याशिवाय ठरवू नये.

उपच्छायेत रेषा आडव्या कलत जातात, आणि तिथे खळबळ वेगळंच रूप घेते. जानेवारी १९०९ मध्ये जॉन एव्हरशेड यांना कोडाईकनालच्या वेधशाळेत डागांच्या वर्णपटात दिसलं की उपच्छायेतला वायू केंद्राकडून बाहेर वाहतोय. भारतात लागलेल्या सौरभौतिकीतल्या शोधांत याचं स्थान फार वरचं आहे, आणि शंभर वर्षं त्याचं कारण नीट सांगता आलं नव्हतं. आज बहुतेकांना पटलेलं स्पष्टीकरण असं: उपच्छायेतही अभिसरणच चाललंय, पण कललेल्या रेषांमुळे कणिकेला गोल पसरता येत नाही, ती लांबलचक तंतू होते, आणि वर आलेला वायू रेषांच्या दिशेनं बाहेर वळवला जातो. माथियास रेम्पेल आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये डागांच्या जोडीचं जे संगणकीय प्रतिमान केलं त्यात तंतू आणि हा प्रवाह दोन्ही उमटले. म्हणजे उपच्छाया ही खळबळ आणि क्षेत्र या दोघांनी तडजोडीनं वाटून घेतलेली जमीन आहे. तिच्यातून येणारा प्रकाशही तसाच मधला, बाहेरच्या पाऊण हिश्शाच्या घरातला.

मग हद्द कुठे? याचं मला माहीत असलेलं सर्वांत सुंदर उत्तर मोजमापातून आलं. यान युरचाक आणि सहकाऱ्यांनी हिनोदे या जपानी उपग्रहाच्या निरीक्षणांवरून दाखवलं की स्थिर डागांत प्रच्छाया आणि उपच्छाया यांच्या सीमेवर क्षेत्राचा उभा घटक जवळपास एकच असतो, १८०० ते १९०० गौसच्या दरम्यान. डाग लहान असो की मोठा, फार फरक पडत नाही. उभा घटक याहून जास्त असला की अभिसरण दबून राहतं, कमी झाला की ते त्या भागात शिरतं. एकूण तीव्रता नव्हे, उभा घटक, हे लक्षात घ्या. उभ्या रेषा वायूला आडवं पसरून उलटू देत नाहीत. आडव्या रेषांशी त्याला जुळवून घेता येतं. प्रच्छायेचा एखादा भाग या आकड्याच्या खाली असेल तर तो टिकाऊ नाही, पुढेमागे उपच्छाया किंवा पूल त्याला गिळतो, असा अनुभव आहे.

इथवरचं थोडक्यात: क्षीण क्षेत्राला खळबळ फटींत ढकलून दाट करते, अति तीव्र, उभ्या क्षेत्रापुढे ती दबते, मधल्या पट्ट्यात दोघं मिळून उपच्छाया घडवतात. राहिला प्रश्न डागाच्या मरणाचा. हद्द ठरली की मरणही हद्दीवरच होणार हे ओघानं आलं.

डाग मुख्यतः कडेनं झिजतो. मोठ्या डागाभोवती दहा-वीस हजार किलोमीटर रुंदीचा खंदक असतो, त्यात वायू सेकंदाला अर्धा ते एक किलोमीटर वेगानं बाहेर वाहतो. या खंदकातून क्षेत्राचे लहान लहान गोळे डागापासून दूर जाताना दिसतात, दोन्ही ध्रुवांचे. त्यातले डागाच्याच ध्रुवाचे काही गोळे म्हणजे खळबळीनं कडेवरून तोडून नेलेले तुकडे. पेट्रोवाय आणि मोरेनो-इन्सर्तिस यांनी १९९७ मध्ये याचं साधं प्रतिमान मांडलं: विसरणाचा वेग क्षेत्राच्या तीव्रतेवर अवलंबून ठेवायचा, तीव्र क्षेत्रात तो पार कमी करायचा. तसं केलं की डाग मधून पातळ होत पसरत नाही. त्याची कड धारदार राहते आणि कडच आत आत सरकते. दुर्बिणीतून दिसतं ते असंच. मरता मरताही डागाची किनार ठळक असते.

मघाचा चार दिवसांचा हिशेब इथे पुन्हा घेऊ. डागांचं क्षेत्रफळ सूर्याच्या अर्धगोलाच्या दशलक्षांश भागांत मोजतात. एक भाग म्हणजे सुमारे ३० लाख चौरस किलोमीटर. ग्नेविशेव्ह आणि वाल्डमायर यांच्या नावानं ओळखला जाणारा नियम सांगतो की डागाचं कमाल क्षेत्रफळ भागिले दहा केलं की त्याचं आयुष्य दिवसांत मिळतं, म्हणजे १०० भागांचा डाग दहा दिवस, ३०० भागांचा महिनाभर. दिवसाला दहा भाग म्हणजे सेकंदाला साडेतीनशे चौरस किलोमीटर क्षेत्रफळ नाहीसं होतं. वर्तुळाकार विसरण मानून उलटा हिशेब केला की विसरणांक तीसच्या आसपास येतो. मोकळ्या कणिकांचा तीनशे, डागाचा तीस. या दहापट फरकात डागानं आत खळबळ कितपत दाबली आहे ते दिसतं. हा नियम सरासरीचा आहे. एखाद्या डागावर तो लावून भाकीत करू नका. एकटा, गोलसर डाग नियमाहून जास्त टिकू शकतो, आणि गुंतागुंतीच्या गटातला डाग शेजारच्या विरुद्ध ध्रुवाशी झटापट करून दोन-तीन दिवसांतही फुटतो.

हे सगळं पृष्ठभागाचं झालं. खोलात गेलं की पारडं फिरतं. अभिसरणाचा थर दोन लाख किलोमीटर खोल आहे, आणि खाली जाताना घनता इतकी वाढते की वेग मंदावूनही बरोबरीचं क्षेत्र तळाशी दहा हजार गौसच्या आसपास जातं. वर दादागिरी करणारे ३००० गौस थोड्या खोलीवर खळबळीच्या तावडीत सापडतात. म्हणून डाग खाली एकसंध खांब आहे की सुट्या धाग्यांचा जुडगा, हा वाद पार्कर यांनी १९७९ मध्ये जुडग्याची कल्पना मांडल्यापासून चालू आहे. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम केलेल्या अर्णब राय चौधुरी यांचं १९८६ चं काम याच कल्पनेवर आहे: धाग्यांमधल्या मोकळ्या वायूचे फवारे वर येऊन प्रच्छायेतले ठिपके होत असतील असं त्यांनी दाखवलं. संगणकीय प्रतिमानांत मात्र एकसंध खांबातही ठिपके आपोआप उमटतात, त्यामुळे नुसत्या ठिपक्यांवरून निवाडा होत नाही. ध्वनिलहरींनी खालचा भाग चाचपण्याची पद्धत आहे, पण तीव्र क्षेत्र त्या लहरींनाच बदलतं, त्यामुळे डागाखालच्या नकाशांवर मी जपूनच विश्वास ठेवतो.

आणि डाग बनतो कसा? रूढ चित्र असं की खोलात तयार झालेला क्षेत्राचा पट्टा हलका होऊन वर तरंगतो. वाटेत खळबळ त्याला पिंजते, त्यामुळे पृष्ठभागावर तो अखंड न येता शेकडो तुकड्यांत येतो, आणि मग ते तुकडे एकत्र येतात. पसरवणाऱ्या कणिकांच्या विरुद्ध जाऊन ते एकत्र का येतात? चेउंग, रेम्पेल आणि सहकाऱ्यांच्या २०१० च्या प्रतिमानात उत्तर असं मिळतं की तुकडे वरवर विखुरलेले दिसले तरी खाली एकाच मुळाशी जोडलेले असतात. दुसरी एक कल्पना क्लीओरिन, रोगाचेव्हस्की आणि ब्रांडेनबुर्ग यांची आहे. खळबळीलाही स्वतःचा दाब असतो. मध्यम तीव्रतेचं क्षेत्र खळबळ दडपतं तेव्हा तो दाब घटतो, आणि कधी कधी ही घट क्षेत्राच्या स्वतःच्या दाबाहून मोठी असते. मग त्या जागी एकूण दाब कमी पडून भोवतालचा वायू आत रेटतो आणि क्षेत्र आणखी दाटतं. २०११ मध्ये संगणकीय प्रयोगांत हे घडताना दिसलं आहे. मला ही कल्पना मनापासून आवडते, पण हजारो गौसचा, उपच्छाया असलेला खरा डाग यातून घडतो असं दाखवणारा पुरावा अजून मला पुरेसा वाटत नाही.

मोजमापाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण बरेच गैरसमज तिथून सुरू होतात. प्रच्छायेत लोहाची ६३०२ अँगस्ट्रॉम तरंगलांबीजवळची वर्णरेषा इतकी फाटते की फाटलेले भाग वेगळे दिसतात, त्यामुळे तिथली तीव्रता खात्रीनं सांगता येते. डागाबाहेर क्षीण क्षेत्रात फाटणं खळबळीनं रुंदावलेल्या रेषेत बुडून जातं. शिवाय एकाच चित्रबिंदूत दोन्ही ध्रुव असले तर त्यांचे संकेत एकमेकांना खोडतात. म्हणून चुंबकीय नकाशात करडा दिसणारा भाग क्षेत्रमुक्त आहे असं समजू नका. तो आपल्या दुर्बिणीला न उलगडलेला असू शकतो. हवाई बेटांवरची चार मीटरची इनोये दुर्बीण यासाठीही बांधली.

तुम्ही शेवटी इस्रोचं सौरयान आदित्य-एल१ यावर काही सांगेल का असं विचारलंय. त्यावरचा चुंबकमापक यानाजवळून वाहणाऱ्या सौरवाऱ्यातलं क्षेत्र मोजतो, डागातलं नाही. पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेत घडलेली सूट ही त्या यानावरची दुर्बीण अतिनील प्रकाशात दीप्तिगोल, म्हणजे सूर्याचा दिसणारा पृष्ठभाग, आणि त्यावरचा थर टिपते. डागाच्या कडेला होणारी झीज वरच्या थरांत काय घडवते हे पाहायला ती उपयोगी आहे. क्षेत्राच्या नकाशांसाठी नासाच्या एसडीओ उपग्रहाच्या प्रतिमा घ्या, त्या रोज सर्वांना मोफत मिळतात. एखादा गोलसर, एकटा डाग पूर्वेच्या कडेवरून आत आला की त्याचे सलग आठ-दहा दिवसांचे चुंबकीय नकाशे आणि साध्या प्रकाशातल्या प्रतिमा शेजारी शेजारी लावा. प्रतिमांमधलं अंतर एक तासाच्या आत ठेवा, नाहीतर खंदकातले गोळे उडी मारल्यासारखे दिसतील आणि कोणता कुठून निघाला ते कळणार नाही. डाग कडेजवळ असतानाचे पहिले दोन दिवस तीव्रतेच्या आकड्यांकडे दुर्लक्ष करा, कारण त्या कोनातून रेषा आडव्या दिसतात आणि डागाचा एकच ध्रुव असला तरी दूरच्या बाजूला विरुद्ध ध्रुव असल्याचा भास होतो.